रिकामी खेप

जिन्यावरून बॅग उतरवताना तिची चाकं वाजू द्यायची नाहीत, ही विद्या मी रायपूरला तात्यापाऱ्यातल्या भाड्याच्या घरात शिकले. बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरायची, चपला खाली गेल्यावर पायात घालायच्या, आणि नवऱ्याला आधीच बजावून ठेवायचं की गॅलरीतून 'पोचली की फोन कर' म्हणून ओरडू नको. एवढं सगळं करून उपयोग शून्य. शेवटच्या पायरीवर पाय टेकायच्या आत खालचं दार उघडायचं आणि आमचे घरमालक विचारायचे, "कुठं? नागपूर?"

नागपूर म्हटलं की संपलंच. थांब जरा म्हणून ते आत जायचे आणि बाहेर यायचे ते काहीतरी ओढत. कधी तांदळाचं पोतं, कधी पोह्यांची गोणी, कधी कोणाच्या सुनेचे शिवून आलेले ब्लाउज, कधी कोणाचे एक्स-रे. एकदा तर चक्क शिलाई मशीन. घेणारा माणूस कोण, तो स्टेशनवर येणार का, मला ते उचलणार का, हे प्रश्न त्यांच्या गावीही नसायचे. मी निघालेय आणि माझा एक हात मोकळा आहे, एवढंच त्यांना दिसायचं.

आता आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. लिफ्ट आहे. चाकं कितीही वाजवली तरी एकही दार उघडत नाही. तरी मी मूर्खासारखी बॅग उचलूनच नेते.

आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्लाच, म्हणायचा. इथली जुनी मराठी घराणी आपले पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर आले असं मान ताठ करून सांगतात. काकाजी सांगायचे, आमचे फौजेच्या मागं धान्य वाहणाऱ्या बैलांबरोबर आले. फौज परत गेली, पण परतीच्या बैलांवर लादायला माल जमेना, म्हणून आमचे थांबले, ते थांबलेच. हे खरं की खोटं देव जाणे. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही.

त्यांचं सगळं आयुष्य गुढियारी भागात, मालधक्क्याजवळच्या एका टपरीवजा ऑफिसात गेलं. बाहेरगावाहून माल घेऊन आलेल्या ट्रकला परत जाताना माल मिळवून द्यायचा, हे त्यांचं काम. ट्रकवाले त्याला रिटर्न भाडं म्हणतात. भरून गेलेला ट्रक मालकाचं पोट भरतो आणि रिकामा परतलेला ट्रक तेच पोट कापतो, असं ते म्हणायचे. वय झालं तसं ऑफिस दुसऱ्याला देऊन टाकलं आणि घरी बसले. बसले म्हणजे काय, ट्रक गेले आणि आम्ही लोक हाती लागलो. अंगात बनियन, खाली पायजमा, खांद्यावर गमछा, गमछ्यात खोचलेलं पोती शिवायचं दाभण आणि खिशात सुतळीचा गुंडा, अशा वेषात ते ओसरीवर बसून असायचे आणि कोण कुठं चाललंय यावर नजर ठेवायचे. पैशाचा संबंध नाही. कोणाकडून छदाम घेतला नाही. रिकाम्या हातांनी चाललेला माणूस बघवायचाच नाही त्यांना.

यातून कोणी सुटायचं नाही. गॅस सिलिंडरवाला पुढच्या गल्लीत जाणार, तर त्याच्या हाती तिथल्या मावशीचा डबा. सत्यनारायण सांगून निघालेल्या भटजींच्या सायकलला कोणाचा तरी दुरुस्त झालेला कुकर. समोरच्या घरचं वऱ्हाड बिलासपूरला निघालं तेव्हा नवरदेवाच्या बसच्या टपावर एक कपाट गेलं. ते कपाट कोणाचं हे त्या बसमधल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि पोचल्यावर मुलीकडच्यांना वाटलं की मुलाकडच्यांनीच मुलीसाठी कपाट आणलं. केवढा घोळ झाला तो. नवरदेवाच्या बापानं परत आल्यावर काकाजींना बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. काकाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण बस वापस येताना काय आणलं?"

माझ्या नवऱ्याला हे सगळं गोड वाटायचं. त्याचं काय जातं? तो विजेच्या ऑफिसात नोकरीला, कुठं जाणं नाही, येणं नाही. मी शाळेत शिक्षिका, सुट्टी मिळाली की नागपूरला पळणारी. नागपूरला माझी आई. मी एकुलती एक, आणि बाबा गेल्यापासून आई दोन भाड्याच्या खोल्यांत एकटी. जीव टांगणीला लागायचा. पण एकटीनं जायचं म्हटलं तरी माझ्याबरोबर नेहमी कोणाच्या तरी घरचं अर्धं कोठार असायचं.

पहिल्यांदा फसले ती मावसबहिणीच्या लग्नाला जाताना. नवं घर, नवे घरमालक, भिडेपोटी नाही म्हणता आलं नाही. अंगावर रेशमी साडी, आणि काकाजींनी हातात दिला एक आख्खा फणस. रायपूरकडे कच्च्या फणसाची भाजी म्हणजे लोक जीव टाकतात, आणि नागपूरच्या कोणा गृहस्थांना तो रायपूरचाच हवा होता. ते स्टेशनवर येणार होते. आले नाहीत. लग्नाची वेळ टळत होती, मी फणसासकट रिक्षात बसले आणि फणसासकट मंगल कार्यालयात शिरले. चीक साडीला लागला तो आजतागायत निघालेला नाही. त्या लग्नाच्या अल्बममध्ये मी आहे, माझ्याशेजारी खुर्चीवर फणस आहे, आणि आमच्या मावशीला अजून वाटतं की मी तो आहेर म्हणून आणला होता.

रात्री तो आईकडे टाकला आणि दुसऱ्या दिवशी रायपूरला परतले. तिथंच सगळं बिनसलं. फणसवाले गृहस्थ दोन दिवसांनी आईकडे फणस न्यायला आले. आईनं चहा टाकला. गृहस्थ बसले. बाबांच्या आजारपणानंतर आईकडे बसून चहा घेणारे ते पहिलेच. जाताना म्हणाले, तुमची मुलगी पुन्हा येईल तेव्हा काकाजींसाठी संत्र्यांची पेटी द्यायची आहे, इथं ठेवू काय? आई म्हणाली, ठेवा की. आणि काकाजींना कळलं की नागपुरात माल उतरवायला एक पक्कं घर मिळालं.

आता माझी बाजू ऐका. मी आईला रायपूरला आणायच्या खटपटीत होते. वरची मागची खोली तिच्यासाठी रिकामी केली, कमी उंचीचा पलंग घेतला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. आई नागपूरला दिवसभर टीव्ही लावून बसायची, बघायचीही नाही, नुसता आवाज असावा म्हणून. फोनवर बोलणं दोन वाक्यांत संपायचं. जेवली का, जेवली. महिनोन्महिने विनवण्या करून तिच्याकडून हो म्हणवून घेतलं होतं. दिवाळी झाली की येते म्हणाली होती.

दिवाळी झाली. मी फोन केला. तर ही म्हणते, "आता कशी येऊ मी? सोमवारी गोंदियाच्या बाईचे बडी-सांडगे येऊन राहिले. अन् त्या डॉक्टरीणबाईचे तांदूळ अजून नेले नाहीत कोणी."

मी कपाळावर हात मारून घेतला. खाली गेले आणि काकाजींना सरळ विचारलं की माझ्या आईच्या घराचं तुम्ही गोदाम करून ठेवलंय काय. ते दाभणात सुतळी ओवत होते. म्हणाले, "गोदाम नाही बाई. गोदामात माल पडून राहतो. तिकडं तर रोज निघून राहिला."

आणि खरोखर निघत होता. आधी माझ्याकडून जायचा, मग ज्याच्या त्याच्याकडून जाऊ लागला. रायपूरहून नागपूरला जाणारा पाऱ्यातला प्रत्येक माणूस आईच्या दारात एक पिशवी ठेवायचा, आणि येताना आईकडून दुसरी घेऊन यायचा. पोहे, दुबराज तांदूळ, चारोळी, कोहळ्याची रखिया बडी इकडून तिकडं. संत्री, भिवापुरी मिरच्या, सावजी मसाला, लग्नाच्या पत्रिका तिकडून इकडं. मी आईला फोन करायचे तर तो व्यस्त. कोणाशी बोलतेय? काकाजींशी. या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, आणि रोज तासभर भांडायचे. काकाजींचा विश्वास सुतळीवर, आईचा झाकणाच्या बादल्यांवर. मागच्या पोत्याचं तोंड नीट शिवलं नव्हतं, सगळ्या जिन्यात तांदूळ झाला, म्हणून तिनं मलाच झापलं. मी काय शिवलं होतं ते पोतं? पण मी आता मुलगी राहिलेच नव्हते. मी एक वाहन होते, तेही सुट्टीत धावणारं.

आणखी एक सांगायला हवं. आईच्या समोरचं घर रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका बौद्ध कुटुंबाचं. गल्ली एक, नळ एक, वर्षानुवर्षांचा शेजार. आई बोलायला गोड, सणावाराला चौकशी करणारी, पण त्यांच्या घरचं पाणी तिनं कधी घेतलं नाही आणि त्यांना उंबऱ्याच्या आत कधी बोलावलं नाही. मी मोठी झाल्यावर यावरून तिच्याशी भांडले होते, शाळेतली सगळी पुस्तकं तिच्या डोक्यावर मारली होती. तिच्यावर ढिम्म परिणाम नाही. मग पार्सलं सुरू झाली. दुपारी आई झोपली की घ्यायला आलेले लोक परत जायला लागले. शेवटी आईनं किल्ली समोरच्या वहिनींकडे ठेवली. किल्ली ठेवली म्हणजे त्या घरात येणार, माल देणार, कोण येऊन गेलं ते सांगायला थांबणार. थांबल्या तर चहा. त्यांनी एक दिवस भाकरी अन् झुणका आणला, कारण आईला मिरच्यांच्या पोत्यांतून स्वयंपाकाला वेळ झाला नव्हता. आईनं खाल्ला. मला तिनं हे फोनवर असं सांगितलं की जणू वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. वर म्हणाली, तिचा झुणका तुझ्यापेक्षा बरा असतो. माझ्या भाषणांनी जे झालं नाही ते पोत्यांनी केलं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण राग त्याहून जास्त आला.

काकाजींच्या डोक्यात जगाचा एक नकाशा होता. त्यात राजधान्या, नद्या वगैरे काही नाही. गावांचे फक्त दोन प्रकार. एक, जिथं गाडी भरून जाते अन् भरून येते. दुसरं, जिथं भरून जाते अन् रिकामी येते. रायपूर पहिल्यातलं, म्हणून ते वाढतंय असं ते सांगायचे, आणि लाईट गेली की ओसरीवर बसून एकेका गावाचा निकाल लावायचे. मला ऐकून ऐकून वीट आला होता. एकदा मात्र ते मला स्टेशनवर गाठायला आले, कारण घरून मी निसटले होते. हातात कोणाच्या तरी मुलाचा चष्मा. प्लॅटफॉर्मवर खेड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं बसली होती, गाठोडी, पातेली, गोधड्या, कडेवर लेकरं. वीटभट्ट्यांवर निघालेली. काकाजी त्यांच्याकडे बघत उभे राहिले, चष्मा द्यायचाही विसरले. मग म्हणाले, "जिथून माल निघत नाही ना बाई, तिथून माणसं निघतात."

माझी गाडी लागत होती आणि मी वैतागलेली होते. मी बोलून गेले की तुमच्या घरातून तर रोज पोती निघतात, मग तुमचा मुलगा काहून गेला? मुलगा हैदराबादला होता. नोकरी चांगली, फोन क्वचित. येणं तर नाहीच.

काकाजी रागावले नाहीत. म्हणाले, "त्याले मी कधी काही दिलं नाही न्यायले. पोट्टा चिडायचा. रिकामाच गेला." आणि चष्मा माझ्या पर्समध्ये कोंबून निघून गेले.

मग व्हायचं तेच झालं. आई बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडलं. समोरच्या वहिनी लगेच धावल्या म्हणून निभावलं. मी गाडी करून गेले आणि आईला घेऊन आले. गाडी नागपूरला रिकामी जातेय म्हणून काकाजींनी जाताना तिच्यात काय काय भरलं ते विचारू नका. त्या दिवशी मी काही बोलले नाही. मला हवं ते मिळत होतं. आई येत होती.

आली. पलंग, दांडा, खिडकी, सगळं तयार. मी काकाजींना ताकीद दिली की आईला त्रास द्यायचा नाही, एकाही पिशवीचं नाव तिच्यासमोर काढायचं नाही. त्यांनी हव म्हणून मान हलवली आणि वचन पाळलं. आई खिडकीशी बसू लागली. पहिल्या आठवड्यात गल्लीतून कोण चाललंय ते मला सांगायची. नंतर सांगेनाशी झाली. हात बरा झाला. डॉक्टर म्हणाले छान जुळलंय. पण जेवण अर्ध्यावर आलं आणि एक दिवस मी शाळेतून परतले तर टीव्ही लागलेला होता आणि आई त्याच्याकडे बघत नव्हती. मी स्वतःला सांगितलं, सवय होईल. नवीन जागा आहे, वेळ लागतोच.

पुढच्याच आठवड्यात घरी आले तर आईचा पलंग रिकामा. पांघरुणाची घडी नीट. बॅग नाही, काठी नाही, औषधांचा डबा नाही. तशीच खाली धावले. काकाजी ओसरीवर बसून कणीस सोलत होते.

"आई कुठे आहे?"

"राजनांदगाव मागं पडलं असेल आता. अर्धी वाट होईपर्यंत चहासाठी थांबवू नको म्हणून सांगतलं ड्रायव्हरले."

झालं असं होतं की नागपूरहून कोणाचं तरी लग्नाचं सामान घेऊन एक गाडी आली होती. आणि ती रिकामी परत चालली होती. रिकामी! काकाजींनी तिच्यात दोन पोती तांदूळ ठेवले, पोह्यांची गोणी ठेवली, मागच्या सीटवर गादी अंथरली आणि त्यावर माझ्या आईला बसवून दिलं.

मी काय काय बोलले ते आठवत नाही. गल्लीतल्या बायका दारांत आल्या होत्या, एवढं आठवतं. तुम्ही माझ्या आईला पार्सल समजता काय, असं मी ओरडले. काकाजींनी कणीस बाजूला ठेवलं.

"पार्सल असतं तर तुले विचारलं असतं बाई, मालक तू म्हणून. त्या माणूस आहेत. त्यांनी स्वतः सांगतलं, मले घरी जायचं आहे. मी काय म्हणू?"

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. घर सोडायचं ठरवलं. नव्या वसाहतीत एक जागा पाहून आले, नवऱ्याला हो म्हणायला लावलं. त्या दिवसांत पार्सलं नवऱ्याच्या हाती जायची, तो बिचारा सुट्टी काढून नागपूरला जाऊ लागला. आईचा फोन आला तेव्हा मी तयारच होते. मी म्हटलं, न सांगता गेलीस, एकदा तरी माझा विचार केलास काय. ती म्हणाली, "तुझ्या घरी मी पाहुणी होते पोरी. इथं लोक माझी वाट पाहतात. चिडू नको. अन् ते घर बदलू नको आत्ता, पत्ता बदलला की माल भटकतो."

आम्ही घर बदललं नाही. माझा राग गेला नाही, पण आईचा आवाज फोनवर खणखणीत झाला होता आणि ती दोन वेळा पोटभर जेवत होती, हे समोरच्या वहिनी मला खात्रीनं सांगायच्या. मग मी पुन्हा नागपूरच्या फेऱ्या सुरू केल्या आणि काकाजींनी पुन्हा माझे हात भरायला. मी पिशवी घ्यायचे, बोलायचे नाही. त्यांना चालायचं. त्यांना बोलणं कुठं पोचवायचं होतं, पिशवी पोचवायची होती.

आई काही वर्षांनी गेली. सकाळी, खुर्चीत, चहा पिऊन झाल्यावर. वहिनींचा फोन आला. या खेपेला मी चाकं वाजवतच जिना उतरले. काकाजींनी दार उघडलं, त्यांना आधीच कळलेलं होतं. त्यांनी हात जोडले. हातात काही नव्हतं त्यांच्या. मी निघाले.

वाटेत मी एकाच गोष्टीनं घाबरलेली होते. एकुलती मुलगी, नातेवाईक पांगलेले, खांदा द्यायला चार माणसं तरी मिळतील काय? गल्लीत शिरले तर रिक्षा आत जाईना. कोणकोण उभे होते, मला एकाचंही तोंड ओळखीचं नाही. एक म्हातारे पुढं झाले, म्हणाले, मी तो फणसवाला. एक डॉक्टरीणबाई, एक शिंपीणबाई, गोंदियाहून आलेली कोणी, कोणा नवऱ्या मुलीचा बाप, रेल्वेतली दोन मुलं. सगळे तिला माई म्हणत होते. आईच्या पायांशी समोरच्या वहिनी बसल्या होत्या. त्यांनी तिला न्हाऊमाखू घातलं होतं आणि तिचीच चांगली साडी नेसवली होती. कोणी मला विचारलं नाही की तुम्ही कोण. सगळ्यांना माहीत होतं. मीच कोणाला ओळखत नव्हते.

तेरावं करून परत निघाले. खोल्या आवरल्या होत्या. जे होतं ते वाटून टाकलं, घराची किल्ली मालकाला दिली. गाडीत मी रायपूर येईपर्यंत मनातल्या मनात काकाजींशी भांडत होते. ते विचारणार, काय आणलं? त्यांना दुसरं काही सुचतच नाही. यावर मी त्यांना असं काही सुनवणार होते की जन्मभर लक्षात राहील. एकेक वाक्य तयार होतं.

ते ओसरीवरच होते. फाटक वाजलं तसे उठले. सवयीनं त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली. एका हातात बॅग, दुसरा रिकामा. ओठ हलले त्यांचे. प्रश्न तिथपर्यंत आला, आणि त्यांनी तो गिळला. म्हणाले, "आली? वर जा. चहा पाठवतो."

त्यांनी विचारलं नाही म्हणून मी रडले. तेरा दिवसांत मी अशी रडले नव्हते. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून रडले, कारण नागपूरहून यायचं काही आता उरलंच नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मी नागपूरला गेले नाही. कशाला जायचं? आई नाही तर माहेर नाही, हे काय कोणी नव्यानं सांगायचं असतं? उन्हाळ्याची सुट्टी लागली, इतर शिक्षिका माहेरी निघाल्या, मी घरात बसून कपाटं आवरत होते. एके सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर पोह्यांची गोणी, तोंड घट्ट शिवलेलं. शेजारी काकाजी, एवढा जिना चढून धापा टाकत उभे.

"उद्याच्या गाडीनं ने. नागपूर."

माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांचं सगळं तोंडाशी आलं. मी म्हटलं, काकाजी, तुम्हाला काही लाज आहे काय? कोणाकडे नेऊ? कोण आहे तिथं माझं आता?

"समोरची आहे ना. किल्ली तिच्याचकडं होती, काम पण तिच्याकडंच गेलं. ती रोज फोन करून राहिली, पोट्टी कधी येते म्हणून." गोणी पायानं थोडी आत सरकवून ते वळले. पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "तू रिकामी बसून राहिली इथं. ने आता."

मी नेली. शिव्या देत नेली. खांदा अवघडला, रिक्षावाल्याशी वाद झाला, आणि त्या ओळखीच्या गल्लीत शिरल्यावर आईच्या बंद दाराकडे बघायचं नाही म्हणून मान खाली घालून चालत राहिले. समोरचं दार उघडं होतं. आत भिंतीला लागून पोती, झाकणाच्या बादल्या, मिरच्यांचा खकाणा. मला ठसका लागला. वहिनींनी गोणी उतरवून घेतली, शिवण तपासली, नाक मुरडलं आणि म्हणाल्या की म्हाताऱ्याला कितीदा सांगितलं, सुतळी दुहेरी घाल. मग हातपाय धुवायला पाणी दिलं. झुणका-भाकरी वाढली. माझी आई म्हणत होती ते खरं होतं, तो माझ्यापेक्षा बरा होता. दोन दिवस राहिले.

निघायच्या दिवशी मी बॅग उचलली आणि येते म्हणाले. वहिनींनी माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

"रिकामा हात घेऊन जाशील काय पोरी माहेरातून?"

आत जाऊन त्यांनी संत्र्यांची पेटी आणली, त्यावर मसाल्याचा डबा, त्यावर कोणाच्या तरी मुंजीच्या पत्रिकांचा गठ्ठा. स्टेशनवर गाडी लागली तेव्हा दोन्ही हात भरलेले होते, दाराचा दांडा धरायला हात मोकळा नव्हता. दारात उभ्या असलेल्या माणसाला मी म्हटलं, भैया, एवढी पेटी जरा पकडता का?